जुनी छोटी गाडी, नवं इंजिन: वाचकांचे प्रश्न

या वेळी बहुतेक पत्रं एकाच विषयावर आलीत, छोट्या क्लासिक गाडीत आजच्या काळातलं इंजिन बसवण्यावर. त्यातली काही घेतोय. पहिल्या पत्राला जरा जास्त जागा दिलीय, कारण तोच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत बऱ्याच जणांनी विचारलाय.

प्रश्न: नमस्कार सर, माझ्याकडे ९९८ सीसीची जुनी मिनी आहे. गाडीवर खूप जीव आहे पण ऐंशीच्या पुढे गेलं की इंजिन नुसतं ओरडतं आणि चढावर मागचे लोक हॉर्न मारत बसतात. होंडाचं १.६ लिटरचं व्हीटेक इंजिन, बी१६, टाकायचं डोक्यात आहे. मित्र म्हणतो सबफ्रेमचं, म्हणजे इंजिन धरणाऱ्या चौकटीचं, किट तयार मिळतं, दोन वीकेंडचं काम आहे. खरंच एवढं सोपं आहे का, आणि मुळात करावं का?

उत्तर: इंजिन बसतं, बऱ्याच लोकांनी बसवलंय आणि त्यांच्या गाड्या मस्त पळतात. पण दोन वीकेंडमध्ये फारतर जुनं इंजिन बाहेर येईल आणि नवं आत लटकलेलं दिसेल, गाडी रस्त्यावर यायला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो, आणि तो सगळा वेळ इंजिन सोडून बाकीच्या गोष्टींवर जातो.

मिनीचं काय आहे, ॲलेक इसिगोनिसने १९५९ च्या या गाडीत जेमतेम तीन मीटर लांबीत चार माणसं बसवायची म्हणून इंजिन आडवं ठेवलं आणि गिअरबॉक्स चक्क इंजिनच्या खाली संपमध्ये, म्हणजे तेलाच्या भांड्यात, घातला, दोघांना तेलही एकच. त्यामुळे मिनीत नुसतं इंजिन बदललं असं होतच नाही. इंजिन निघालं की गिअरबॉक्स निघाला, मग चाकं फिरवणारे ड्राइव्ह शाफ्ट गेले, गिअरची लिंकेज गेली, क्लच गेला. होंडाचा गिअरबॉक्स इंजिनच्या बाजूला लागतो, म्हणजे सगळा सेट रुंद होतो, आणि मिनीच्या बोनेटखाली रुंदीच नाहीये. म्हणून मग ट्यूबची सबफ्रेम, कस्टम लांबीचे शाफ्ट, आणि बऱ्याच किटमध्ये गाडीचं नाक काही इंच पुढे वाढवावं लागतं नाहीतर आतला पत्रा कापावा लागतो. किट घेण्याआधी विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारा, पत्रा कुठे कुठे कापायचा आहे? कापलेला पत्रा परत मूळसारखा करणं फार अवघड असतं.

आता ताकद बघा. पहिल्या मिनीत ८४८ सीसीचं इंजिन होतं आणि ३४ हॉर्सपॉवर. बी१६ साधारण १६० चं, म्हणजे साडेचार पटीच्या वर. गाडी तीच, पत्रा तोच, सुरुवातीच्या मॉडेलना तर चारही चाकांना ड्रम ब्रेक. आणि वेग वाढला की ब्रेकवरचा भार वेगाच्या वर्गाने वाढतो, १०० ऐवजी १४० वरून थांबायचं तर जवळजवळ दुप्पट ऊर्जा त्या ब्रेकमध्ये जिरवायची असते. म्हणून माझं मत अगदी स्पष्ट आहे, आधी ब्रेक, मग सस्पेन्शनचे रबरी बुश आणि सबफ्रेमची माउंटिंग, मग चाकं, आणि त्यानंतर इंजिन. पुढे ८.४ इंचाच्या डिस्क टाका, १९८४ पासून मिनीला त्याच आल्या, पण त्या १० इंची चाकात मावत नाहीत, १२ इंची लागतात, हे आधीच धरून चला. सबफ्रेम जिथे बॉडीला लागते तिथला गंज स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा, रंगाखाली पत्रा भुसभुशीत लागला तर इंजिनचा विषय तिथेच थांबवा आणि आधी वेल्डिंग करून घ्या.

अजून एक गोष्ट जी कुणी सांगत नाही. तुमची तक्रार आहे की हायवेला इंजिन ओरडतं. होंडाचा गिअरबॉक्स मोठ्या चाकांसाठी बनलेला आहे. समजा डोनर गाडीला, म्हणजे जिच्यातून इंजिन काढलं तिला, १९५/५५ आर१५ टायर होते, त्याचा घेर साधारण १.८७ मीटर. तुमच्या मिनीला १६५/६० आर१२ टाकले तर घेर १.५८ मीटर. म्हणजे तोच गिअर आणि तोच वेग असताना इंजिन सुमारे १८ टक्के जास्त फिरणार, आणि डोनर गाडीचा स्पीडोमीटर तसाच लावला तर तो वेगही तितकाच जास्त दाखवणार. एवढा खटाटोप करून हायवेला आवाज परत येणार असेल तर काय उपयोग? फायनल ड्राइव्हचा, म्हणजे चाकांआधीच्या शेवटच्या गिअरचा, रेशो विचारूनच गिअरबॉक्स घ्या.

करावं का, तर तुमच्या वापराला माझा सल्ला थोडा वेगळा आहे. तुमच्या आताच्या इंजिनच्याच ए सिरीज घराण्यातलं १२७५ सीसी इंजिन तुमच्या मिनीत जवळजवळ सरळ बसतं. १९६४ च्या १२७५ कूपर एसला ७६ हॉर्सपॉवर होते आणि एवढ्या हलक्या गाडीला ते भरपूर आहेत. नीट बांधलेलं १२७५, जोडीला उंच फायनल ड्राइव्ह (त्याच वेगाला इंजिन कमी फिरेल असा), एवढ्यात चढावरचे हॉर्न बंद होतील आणि हायवेचा आवाजही उतरेल. नवंच इंजिन हवं असेल तर सुझुकीचं १.३ ट्विन कॅम जी१३बी बघा, ॲल्युमिनियमचं, हलकं, शंभरच्या आसपास हॉर्सपॉवर, आणि होंडापेक्षा कमी कापाकापीत बसतं. बी१६ ट्रॅकसाठी उत्तम आहे, पण रोजच्या वापराला मी ते सुचवणार नाही.

प्रश्न: मी मिनीत सुझुकीचं जी१३बी बसवून घेतलंय. गाडी भन्नाट पळते पण दोन त्रास आहेत. टाकी अर्ध्याखाली आली की लांब वळणावर गाडी गचके खाते, सरळ रस्त्याला परत ठीक. आणि कधीकधी स्टार्टर फिरतो पण इंजिन चालू होत नाही. इंजेक्टर साफ झाले, प्लग नवे टाकले, फरक शून्य.

उत्तर: इंजेक्टर आणि प्लग सोडून द्या, ते बिचारे ठीक असणार. वळणावरचा गचका टाकीतून येतोय. जुन्या गाडीची टाकी कार्ब्युरेटरसाठी बनलेली असते. कार्ब्युरेटरच्या फ्लोट बाउलमध्ये थोडं पेट्रोल कायम साठलेलं असतं, वळणावर टाकीतलं पेट्रोल एका बाजूला गेलं आणि पंपाने क्षणभर हवा ओढली तरी बाउलमधल्या पेट्रोलवर इंजिन चालत राहतं, तुम्हाला कळतही नाही. इंजेक्शनमध्ये तसा साठाच नाही, पंपाने हवा ओढली की इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या रेलचं प्रेशर पडलं आणि गचका बसला. यावर उपाय स्वर्ल पॉट, म्हणजे एक लहान उभं भांडं, टाकीतून कमी प्रेशरचा पंप ते सतत भरत राहतो आणि मोठा पंप त्याच्या तळातून ओढतो, इंजिनकडून परत येणारं पेट्रोलही आधी त्यातच येतं.

हे करताना एक गोष्ट आजच्या आज तपासा. कार्ब्युरेटरच्या पंपाचं प्रेशर पाव बारच्या आसपास असतं, इंजेक्शनचं साधारण तीन बार. जुनाच रबरी पाइप आणि जुन्याच स्क्रूच्या क्लिपा ठेवल्या असतील तर गाडी चालवू नका. पाइपवर आर९ (इंजेक्शनच्या प्रेशरला चालणारा) असा छाप हवा, क्लिपा इंजेक्शनच्या, आणि पाइप एक्झॉस्टपासून लांब. तसंच अपघातात पंप आपोआप बंद करणारा इनर्शिया स्विच टाकून घ्या, छोटीशी वस्तू आहे पण गाडीला आग लागण्यापासून वाचवते.

आता चालू न होण्याचं. मिनीची बॅटरी डिकीत असते आणि केबल गाडीच्या खालून पुढपर्यंत येते, एवढ्या लांबीत व्होल्टेज पडतं. स्टार्टर तरीही फिरतो, पण ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, पुरेसे व्होल्ट मिळाले नाहीत की तो स्पार्क आणि इंजेक्टर सोडूनच देतो. मल्टीमीटर घ्या, एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी इंजिनच्या ब्लॉकवर स्वच्छ धातूला, आणि कुणालातरी स्टार्टर मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा दिसला तर अर्थिंग कच्चं आहे, इंजिन ते बॉडी आणि बॉडी ते बॅटरी दोन्हीकडे जाड पट्टी टाका, खालचा रंग खरवडून. आकडा चांगला आला तर पुढचा संशय इम्मोबिलायझरवर, म्हणजे चोरी रोखणाऱ्या इलेक्ट्रॉनिक कुलपावर. डोनर गाडीत तो असेल तर किल्ली, किल्लीभोवतीची रिंग आणि ईसीयू तिन्ही एकाच गाडीचे लागतात, एक जरी बदललं तरी इंजिन गप्प राहतं.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी, साठच्या दशकातल्या ब्रिटिश गाड्यांना बऱ्याचदा पॉझिटिव्ह अर्थ असायचा, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक बॉडीला. तिथे आधुनिक ईसीयू तसाच जोडला तर तो जागेवर जळेल, आधी संपूर्ण गाडी निगेटिव्ह अर्थवर आणा.

प्रश्न: सर, माझी जुनी फियाट ५०० आहे, मागे दोन सिलिंडरचं एअर कूल्ड इंजिन. त्याच्या जागी सुपरबाइकचं हजार सीसी इंजिन टाकायचं ठरवलंय, वजनही कमी आणि ताकद दीडशेच्या वर. काय काळजी घेऊ?

उत्तर: तुम्ही ठरवलंच आहे म्हणता, तरी मी आधी अडचणी सांगतो कारण त्या खऱ्या आहेत. बाइक वळताना झुकते, त्यामुळे तेल संपमध्ये खालीच दाबलेलं राहतं. गाडी झुकत नाही, तेल बाजूला सरकतं, तेलाचा पंप हवा ओढतो आणि दहा हजार आरपीएमवर बेअरिंगला दोन सेकंद तेल मिळालं नाही तरी इंजिन गेलं. म्हणून संपमध्ये आडपडदे नाहीतर ड्राय संप (तेल वेगळ्या टाकीत), याला पर्याय नाही. बाइकचा क्लच दोनशे किलो आणि एका माणसासाठी असतो, फियाट ५०० किलोची, त्यात दोघं तिघं बसले की चढावर क्लच जळतो. आणि बाइकला रिव्हर्स नसतो, तो वेगळा बसवावा लागतो. शिवाय कमी आरपीएमला टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, कमी, गर्दीत सतत रेस देत चालवावं लागतं.

१९५७ ला ही गाडी आली तेव्हा ४७९ सीसी आणि १३ हॉर्सपॉवरवर चालायची, तिचं सगळं गणित त्या आकड्यावर बेतलेलं आहे. चारही ड्रम ब्रेक. तिथे दीडशे हॉर्सपॉवर म्हणजे तुम्हाला नवीन गाडीच बांधावी लागणार आहे, जुन्या बॉडीखाली. तुमच्याकडे चांगला फॅब्रिकेटर आणि भरपूर वेळ असेल तर करा, छान प्रोजेक्ट आहे. पण गाडी चालवायची असेल तर फियाट १२६ चं ६५२ सीसी इंजिन बसवा. त्याच घराण्यातलं आहे, एअर कूल्डच आहे, फार कापाकापी नाही, आणि जोडीला १२६ चा गिअरबॉक्स घेतला तर वरच्या गिअरना सिंक्रो (गिअर सहज पडायला मदत करणारा भाग) मिळतो, मूळ ५०० ला तो नव्हताच. सोबत ब्रेक ताजे करून घ्या. मला विचाराल तर या गाडीला सगळ्यात शोभणारं इंजिन हेच आहे.

प्रश्न: बीटलमध्ये सुबारूचं इंजिन सोपं पडतं असं ऐकलंय, खरं का?

उत्तर: बसायला सोपं, कारण तेही आडव्या सिलिंडरचं फ्लॅट फोर आहे आणि ॲडॉप्टर प्लेट मिळते. अवघड आहे ते थंड करणं. सुबारूचं इंजिन पाण्याने थंड होतं आणि बीटलला पाण्याचा रेडिएटरच नाही, तो पुढे बसवून इंजिनपर्यंत मागे पाइप न्यायचे आणि त्यातली हवा पूर्ण काढायची, एक्स्पान्शन टाकी सिस्टिममध्ये सगळ्यात उंच ठेवायची, नाहीतर गेज नॉर्मल दाखवेल आणि हेड तापत राहील. आणि जुन्या बीटलला मागे स्विंग ॲक्सल असतं, म्हणजे चाक ॲक्सलसकट वरखाली झुलतं, वळणात वेगाने शिरून अचानक ॲक्सिलरेटर सोडला की मागचं चाक आत दुमडू शकतं, ताकद दुप्पट करण्याआधी त्याचा बंदोबस्त करा.

प्रश्न: स्वॅप, म्हणजे इंजिनची अदलाबदल, झाल्यावर मूळ इंजिन विकून टाकू का? जागा अडवतंय.

उत्तर: नका विकू. गाडीच्या कागदांवर त्याचा नंबर आहे, आणि उद्या तुम्ही किंवा पुढचा मालक गाडी मूळ रूपात आणायची म्हणाला तर तेच लागणार, नंबर जुळणाऱ्या गाडीला मागणीही वेगळीच असते. स्वॅप करण्याआधी नोंदणी कार्यालयात आणि विमा कंपनीत इंजिन बदलाची लेखी परवानगी घ्या, हे काम नंतरवर टाकलं तर तयार गाडी दारात उभी राहते. इंजिन ठेवताना पाणी पूर्ण काढा, तेल नवं भरा, प्लगच्या भोकांतून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडा आणि क्रँक हाताने फिरवा, मग प्लग परत लावा. इनटेक आणि एक्झॉस्टची तोंडं झाका, उंदीर आणि गांधीलमाश्या दोघांनाही ती जागा आवडते. दर काही महिन्यांनी क्रँक थोडा फिरवायचा. काढलेले ब्रॅकेट, नट बोल्ट, कार्ब्युरेटर, एअर क्लीनर सगळं पिशव्यांमध्ये लेबल लावून त्याच्याजवळच ठेवा, आणि काढण्याआधी प्रत्येक वायरीचा, पाइपचा फोटो काढून ठेवा.