वाचकांचे प्रश्न : उंच चालकाची पहिली मोटारसायकल

प्रश्न : माझे वय 24 असून उंची 6 फूट 2 इंच आहे. हडपसरला राहतो आणि चाकणच्या औद्योगिक वसाहतीत पाळीची नोकरी करतो. जाऊन-येऊन रोज सुमारे 70 किलोमीटर होतात. आजवर घरची स्कूटर वापरली, पण आता गुडघे आणि कंबर दोन्ही दुखू लागले आहेत. वडील म्हणतात, 125 सीसीची साधी गाडी घे. मित्र म्हणतात, तुझ्या उंचीला 350 सीसीखालची गाडी शोभणारच नाही. ऑन-रोड दोन लाखांच्या आसपास खर्च करता येईल. कोणती गाडी घ्यावी?
– एक वाचक, हडपसर

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट गुडघेदुखीची आहे, म्हणून सीसीचा वाद थोडा बाजूला ठेवून तिथूनच सुरुवात करू. उंच माणूस गाडी पाहायला गेला की शोरूममध्ये त्याला पहिल्यांदा सीटची उंची सांगितली जाते. ती आखूड पायांच्या चालकासाठी निर्णायक असते, कारण त्याचे पाय जमिनीला टेकायला हवेत. आपले पाय कोणत्याही गाडीवर सहज टेकतील. आपल्यासाठी महत्त्वाचे आहे ते सीट आणि फूटरेस्ट यांमधले अंतर. ते कमी असले की गुडघा काटकोनापेक्षाही जास्त दुमडतो आणि दीड-दोन तास तसाच राहतो. हा आकडा माहितीपत्रकात छापलेला नसतो, तो बसूनच कळतो.

त्यामुळे शोरूममध्ये एकटे जाऊ नका. गाडी मेन स्टँडवर किंवा कोणाला तरी धरायला लावून सरळ उभी करा, दोन्ही पाय फूटरेस्टवर ठेवा आणि सोबत्याला बाजूने छायाचित्र काढायला सांगा. गुडघा काटकोनापेक्षा स्पष्टपणे मोकळा दिसला पाहिजे आणि पाठ पुढे न वाकता हात हँडलपर्यंत पोहोचले पाहिजेत. मग हँडल डावीकडे आणि उजवीकडे पूर्ण वळवून ते गुडघ्याला लागते का, हे पाहा. शोरूमच्या फरशीवर ही गोष्ट किरकोळ वाटते, पण चाकणच्या तळेगाव चौकात कंटेनरच्या मागून पायाच्या गतीने गाडी काढताना हँडल गुडघ्यावर अडकले तर तोल जातो.

कामावर सेफ्टी शूज घालत असाल तर तेच घालून जा. त्यांचा पुढचा भाग जाड असल्याने काही गाड्यांवर गिअरच्या लिव्हरखाली पाऊल नीट शिरत नाही, आणि वरचा गिअर टाकताना दर वेळी घोटा वेडावाकडा वळवावा लागतो. लिव्हर ज्या दांड्यावर बसते त्यावर खाचा असतात. मेकॅनिकने बोल्ट सैल करून ती एक खाच वर बसवली की बहुतेक वेळा अडचण सुटते.

आता इंजिनाचा विचार करू. महिन्याला 25 दिवस धरले तर आपली गाडी 1,750 किलोमीटर, म्हणजे वर्षाला वीस हजारांहून अधिक धावेल. लिटरला 50 किलोमीटर देणारी गाडी महिन्याला 35 लिटर पेट्रोल घेईल आणि 35 देणारी 50 लिटर. पेट्रोल शंभरीच्या वर असल्याने हा फरक महिन्याला दीड हजार रुपयांचा होतो. त्यात रॉयल एनफील्डच्या 350 सीसी क्लासिकसारख्या गाडीचे वजन 195 किलोच्या घरात जाते. ती बसायला ऐसपैस आहे हे खरे, पण गिअरची गाडी प्रथमच चालवणाऱ्याने रात्रपाळीहून परतताना मोशी-भोसरीच्या कोंडीत एवढे वजन सांभाळावे, असे मला वाटत नाही. वडिलांची काळजी योग्य असली तरी त्यांच्या सूचनेलाही एक हरकत आहे. एप्रिल 2019 पासून 125 सीसीहून मोठ्या नव्या दुचाकींना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, बंधनकारक आहे, तर त्याखालच्या बहुतेक गाड्या सीबीएसवरच, म्हणजे एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागणाऱ्या यंत्रणेवरच, येतात. अवजड वाहनांच्या रस्त्यावर, पावसात, अचानक ब्रेक दाबावा लागला तर एबीएस असलेले बरे. म्हणून आपण 150 ते 210 सीसीच्या टप्प्यात पाहावे.

या टप्प्यात माझी पहिली पसंती हीरो एक्सपल्सला आहे. तिच्या 200 4व्ही या मॉडेलची सीट 825 मिलिमीटर आणि 210ची 830 मिलिमीटर उंचीवर आहे. हँडल उंच व रुंद, फूटरेस्ट खाली, आणि खड्ड्यांतून जाताना कंबरेला बसणारे धक्के कमी, कारण सस्पेन्शन जास्त अंतर खालीवर दबू शकते. तिची उणीव मात्र आधीच लक्षात घ्या. तारांच्या चाकांत ट्यूब असते, त्यामुळे पंक्चर झाले की हवा लगेच जाते आणि चाक खोलावे लागते. रात्री दोन वाजता महामार्गाच्या कडेला ही गोष्ट साधी नसते, म्हणून रात्रपाळ्या वारंवार असतील तर दुसऱ्या पर्यायाकडे वळा.

तो पर्याय होंडा युनिकॉर्नचा. सीट सुमारे 798 मिलिमीटर, वजन 140 किलोच्या आत, टायर ट्यूबलेस आणि मायलेजही चांगले. आपल्या उंचीला ती मुळात थोडी ठेंगणी पडेल, पण नाना पेठेतल्या चांगल्या सीट कारागिराकडून फोमचा थर इंचभर वाढवून घेतला की गुडघ्याला लक्षणीय मोकळीक मिळते. फोम कडकच घ्या. मऊ फोम काही महिन्यांत दबतो आणि पैसे वाया जातात. हँडलखाली रायझर (हँडल उंच करणारे ठोकळे) बसवलेत तर हँडल पूर्ण वळवून क्लचची केबल आणि ब्रेकचा होज ताणला जात नाही ना, हे स्वतः पाहा.

चेनकडे दुर्लक्ष करू नका. साधारण 500 किलोमीटरला ती साफ करून तेल द्यायचे असते, म्हणजे आपल्या धावेला आठवड्यातून एकदा. त्यासाठी मेन स्टँड असलेली गाडी सोयीची.

आणखी एक गोष्ट पैसे भरण्याआधीच तपासा. आपला परवाना केवळ गिअर नसलेल्या दुचाकीचा असेल, तर त्यावर मोटारसायकल चालवता येत नाही. अशा वेळी आधी शिकाऊ परवाना काढून तीस दिवसांनी आरटीओत चाचणी द्यावी लागेल. तोवर गाडी ठरवायला घाई करू नका. दोन्ही गाड्यांची टेस्ट राइड परवानाधारक मित्राच्या मागे बसून नव्हे, तर नवा परवाना हाती आल्यावर स्वतः घ्या, आणि शोरूमने एकच फेरी देऊ केली तर निदान अर्ध्या तासाची मागा, कारण गुडघा पहिल्या पाच मिनिटांत तक्रार करत नाही.