वैनगंगेत शार्क येते का हो भाऊ?

प्रश्न : भाऊ नमस्कार. रविवारी नशिबाने लाइट होती म्हणून पोट्ट्यांनी मोबाइल टीव्हीला जोडला अन् हिंदीत डब केलेला शार्कचा पिक्चर लावला, मी पोळ्या टाकता टाकता पाहून राहिली होती तं एक पोळी पुरी कोळसा झाली तरी मले समजलं नाही. शार्क वाघासारखी डरकाळी फोडते, उडी मारून हेलिकॉप्टर खाली ओढते, अन् हिरॉइन दोन तास पाण्यात पण काजळ जागच्या जागी! हसून हसून पोट दुखलं. आता मामाजी म्हणतात असलं पाहून पोरांचं डोकं नासते, अन् लहाना वैनगंगेत पाय टाकायले तयार नाही. काय सांगू त्याले?
— एक ताई, ब्रह्मपुरी तालुका

उत्तर : ताई, पोळी जळली म्हणजे पिक्चर पास, माझा तरी हाच हिशोब आहे.

आधी लहान्याचं. त्याला हसू नका, त्याची शंका एकदम फालतू नाही. बुल शार्क नावाची जात खरंच नदीत शिरते, गोड्या पाण्यातही तिला अंगातलं मीठ सांभाळता येते, अन् अमेरिकेत १९३७ साली मिसिसिपी नदीत समुद्रापासून हजार किलोमीटरच्या वर आत एक सापडली होती. पण आपल्याकडं यायचं तं तिला बंगालच्या उपसागरातून गोदावरीत शिरून आधी धवळेश्वरमचा बांध चढावा लागेल, मग मेडीगड्डा, मग प्राणहितेतून वैनगंगेत वळून चिचडोह, अन् इतकं करून उन्हाळ्यात पोहोचली तं पाणी घोट्याएवढं, बिचारीला रेतीवरून सरपटतच यावं लागेल. हे नकाशावर बोट ठेवून दाखवा त्याला, भीती जाईल अन् भूगोलही होईल. हां, रेती उपसून जे खोल खड्डे झाले आहेत नं नदीत, त्याची भीती मात्र राहू द्या, ते खरंच माणूस गिळतात.

डरकाळी सगळी खोटी. शार्कला आवाज काढायचा अवयवच नाही. जगभरातून वर्षाला साधारण ६०-७० लोकांना शार्क स्वतःहून चावते, त्यातले बहुतेक वाचतात.

मामाजींना एक गोष्ट सांगा. या सगळ्या पिक्चरांचा आजा म्हणजे १९७५ चा 'जॉज', स्पीलबर्गचा. त्यात मशीनची शार्क बनवली होती, समुद्राच्या खाऱ्या पाण्यात उतरवली तं घडीघडी बंद पडे, म्हणून त्याने शार्क न दाखवता नुसतं पाणी, म्युझिक अन् तरंगणारे पिवळे पिंप दाखवून काम भागवलं. शार्क नीट दिसते तासाभरानंतर, तोवर लोकांची फाटलेली. आता कॉम्प्युटरवर शार्क स्वस्तात होते म्हणून पाचव्या मिनिटालाच जबडा दाखवतात, भीती खतम, मग हसण्याशिवाय काय उरते? मला तं तेच आवडते, खोटं सांगणार नाही.

अन् डोकं नासण्याचं म्हणाल तं तुमच्या तालुक्यात मोहफुलं वेचायला पहाटे निघताना बाया चार जणी मिळून जातात, कायले जातात ते मामाजींना माहीत आहे. वाघाचा असा पिक्चर तुमच्या घरी कोणी लावणार नाही अन् लावला तं कोणी हसणार नाही. शार्क कशी, ती समुद्रात, आपण खाटेवर, मधात चार-पाचशे किलोमीटर कोरडी जमीन, म्हणून मुरमुऱ्याचा चिवडा गोड लागते.

पुढच्या वेळी मामाजींना मधात बसवा अन् पहिला कोण मरते त्यावर पैज लावा. एक टीप देतो, जो माणूस "हा माझा शेवटचा डाव, मग मी गावी जाणार" म्हणेल त्याच्यावर लावा. आमच्याकडं हरणारा सगळ्यांसाठी चहा मांडते, मी सलग तीन रविवार मांडून राहिलो.