किनारा कायद्याने वाचतो की त्यामागच्या राजकीय संस्थांमुळे?

हा प्रश्न मला दुखऱ्या जागी लागला. माझ्या मते कायदा दुय्यम असतो. नकाशा कोण काढतो आणि त्यावर सही करण्याच्या बैठकीत कोण बसतो, हेच निर्णायक असते.

मी नवी मुंबईतल्या एका कोळीवाड्यात वाढलो. काही वर्षांपूर्वी आमच्या खाडीकाठचा आराखडा हरकतींसाठी ठेवला गेला, तेव्हा आई आणि आजी जिथे जवळा वाळवत आल्या ती जागा त्यावर 'मोकळी जमीन' म्हणून रंगवलेली होती. नकाशा इंग्रजीत होता. मी जुने फोटो आणि गावातल्या चाळीस बायकांच्या सह्या घेऊन सुनावणीला गेलो, तर समोरचे अधिकारी म्हणाले की नकाशात नसलेल्या वापराची नोंद त्यांना घेता येत नाही. नकाशा चुकला आहे हेच सांगायला मी गेलो होतो, आणि उत्तरही त्याच नकाशाचे मिळाले.

माझा चुलतभाऊ तेव्हापासून म्हणतो, "सभांना जाऊन काय होते, कोर्टात जा." त्याचा दाखला २०१८ चा, खारफुटी तोडणे हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे असे मुंबई उच्च न्यायालयाने म्हटले तो. परंतु तो निकाल राबवायला वनविभागाचा कांदळवन (खारफुटी) कक्ष २०१२ पासून उभा होता, हे दादा विसरतो. आमच्या वाळवणाच्या जागेला असा कोणी राखणदार नाही. तिची जमीन एकाकडे, पाणी दुसऱ्याकडे, परवानगी तिसऱ्याकडे.

नियम तर दिल्लीहून बदलतात. केंद्राच्या २०११ च्या किनारा नियमन क्षेत्र (सीआरझेड) अधिसूचनेत खाडीकाठी बांधकामावर निर्बंध असलेल्या पट्ट्याची मर्यादा १०० मीटर किंवा खाडीच्या रुंदीइतकी, यांपैकी कमी असेल ती होती. २०१९ मध्ये त्या १०० चे ५० झाले. मात्र याच २०११ च्या अधिसूचनेने या नियमांवर देखरेख ठेवणाऱ्या जिल्हा समितीत मच्छीमारांसह पारंपरिक किनारी समाजाचे किमान तीन प्रतिनिधी घ्यायला सांगितले, आणि माझ्या दृष्टीने तिच्यातली सर्वांत मोलाची ओळ तीच आहे.

सगळा दोष संस्थांचाच आहे असे मात्र नाही. जेट्टीमागे भराव टाकून खोल्या काढणाऱ्यांत आमचेही लोक होते, आणि तेव्हा मी गप्प बसलो.

तरीही तुम्ही किनाऱ्यावर राहत असाल तर कोर्टाची वाट पाहू नका. आपल्या जिल्हा समितीत ते तीन प्रतिनिधी कोण आहेत हे जिल्हाधिकारी कार्यालयाला लेखी विचारा. दादाला मी हेच पाच वर्षे सांगतो आहे, आणि त्याने अजून तो अर्ज लिहिलेला नाही.