मनातलं विचारा: टाळ्या नेमक्या कोणाला?

प्रश्न: ताई, परवा म्हापशाला काकांकडे सगळ्यांनी मिळून 'डर' बघितला. तो राहुल किरणला सारखे फोन करून छळतो आणि माझे चुलतभाऊ त्यालाच शिट्ट्या मारत होते, म्हणे प्रेम असावं तर असं! मला कसंतरीच झालं. मीच जास्त मनाला लावून घेतेय का?

उत्तर: नाही गं बाय, अजिबात नाही. १९९३ मध्ये पिक्चर आला तेव्हाही थेटरात हेच झालं, हिरो सनी देओल पण लोक शाहरुखच्या बाजूने. कारण त्याचं एकटेपण, गेलेल्या आईशी फोनवर बोलणं हे सगळं आपल्याला अगदी जवळून दाखवलंय, आणि किरणच्या वाट्याला काय तर नुसतं दचकणं, मग दया त्याचीच येणार ना. तो छातीवर चाकूने तिचं नाव कोरतो तिथे लोक हळहळतात, पण अरे तिने सांगितलं होतं का कोर म्हणून? मला तर तो सीन बघवतच नाही.

भावांना सांग, आता परत बघाल तेव्हा फोन वाजला की फक्त किरणच्या चेहऱ्याकडे बघा.

आणि हो, नको म्हटल्यावरही मुलीच्या मागे लागणं, ती ऑनलाइन काय करते त्यावर नजर ठेवणं हा आज गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ७८, पहिल्यांदा ३ वर्षांपर्यंत कैद, परत केलं तर ५. तुला कोणी असा त्रास देत असेल तर मेसेज डिलीट करू नकोस, घरी सांग आणि सरळ ११२ लाव.