स्त्रीबीजावर काम करायचंय: लॅबमध्ये की संशोधनात?

प्रश्न : मुलगी मिरजेत बी.एस्सी. झूलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रयोगशाळेत मानवी स्त्रीबीजं वाढवण्याचं संशोधन तिनं कुठंतरी पाहिलं आणि ‘हेच करायचं’ म्हणून बसली आहे. पुण्यातली एक संस्था एम्ब्रियॉलॉजीचा, म्हणजे लॅबमध्ये भ्रूण वाढवण्याच्या कामाचा, तीन महिन्यांचा डिप्लोमा देते. फी अडीच लाख, नोकरीची हमी. शुक्रवारपर्यंत पैसे भरायचेत. भरू का? शिवाय नातेवाईक म्हणतात, असलं काम केलं तर लग्न कसं जमायचं? – एक पालक, पलूस

उत्तर : पैसे भरू नका. शुक्रवार तोंडावर आहे, म्हणून हे आधी सांगतो.

आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बाळ) केंद्रातल्या एम्ब्रियॉलॉजिस्टची पात्रता आता 2021 च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान (एआरटी) कायद्याखाली, 2022 च्या नियमांत ठरलेली आहे. सरळ वाट म्हणजे क्लिनिकल एम्ब्रियॉलॉजीची पूर्णवेळ, चार सेमिस्टरची एम.एस्सी. आणि त्यावर लॅबचा अनुभव. लाइफ सायन्स किंवा बायोटेकची एम.एस्सी. करूनही येता येतं, पण मग वेगळं प्रशिक्षण आणि जास्त वर्षांचा अनुभव लागतो. बी.एस्सी. अधिक तीन महिने हे यात कुठंच बसत नाही. हमीची नोकरी बहुधा मदतनिसाची असेल. तिच्यासाठी अडीच लाख कशाला घालवायचे?

आता मुलीचं. तिला नक्की काय आवडलंय, हे तिलाही अजून उमगलेलं नसावं. क्लिनिकमध्ये बीज वाढतं ते बाईच्या शरीरात. शेवटचं इंजेक्शन दिल्यावर साधारण 36 तासांत ते काढतात आणि तिथून पुढे पाच-सहा दिवस एम्ब्रियॉलॉजिस्टच्या हातात. संशोधक मात्र बीजच बाहेर वाढवू पाहतो. एडिंबरा विद्यापीठात एव्हलिन टेल्फर यांच्या गटानं 2018 मध्ये अंडाशयाच्या तुकड्यातली अगदी सुरुवातीची बीजं कल्चरमध्ये (डिशमधल्या पोषक द्रवात) परिपक्व होईपर्यंत नेली. मुलीनं पाहिलं ते असंच काहीतरी असणार. त्या बीजांपासून मूल होणं अजून फार लांब आहे, हेही तिला सांगा.

क्लिनिकचं काम हाताचं आहे. ऑपरेशन थिएटरमधून आलेल्या कोमट ट्यूबमधला लालसर द्रव डिशमध्ये ओतायचा आणि मायक्रोस्कोपखाली त्यातला चिकट पुंजका भराभर शोधायचा. आतलं बीज मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग. ते 37 अंशांवर, तेलाखालच्या थेंबात ठेवायचं. तेल नसेल तर थेंब वाळतो. इन्क्युबेटरचं दार उगाच उघडायचं नाही. सेंट लावून आत जायचं नाही. प्रत्येक डिशवरचं नाव दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्यायचं. फलनानंतर 16 ते 18 तासांनी दोन केंद्रकं (एक बीजाचं, एक शुक्राणूचं) दिसतात का ते पाहायचं. उशीर केला तर ती विरून गेलेली असतात. रविवार असो, दिवाळी असो, त्या वेळेला हजर. शिस्तीच्या, शांत डोक्याच्या मुलांना हे फार छान जमतं.

संशोधनाला वेगळाच चिवटपणा लागतो. माणसाचं बीज शरीराबाहेर बारा तासांत परिपक्व होतं, असा एक जुना दावा होता. ब्रिटिश शास्त्रज्ञ रॉबर्ट एडवर्ड्‌स यांना तसं काही दिसेना. ते आणखी थांबले, तेव्हा कळलं की वेळ छत्तीस तासांच्या आसपास लागतो. 1965 मध्ये त्यांनी ते छापलं. जगातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ त्यानंतर तेरा वर्षांनी, 1978 मध्ये. एवढा धीर मुलीत आहे का, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

क्लिनिक हवं असेल तर मणिपाल विद्यापीठाच्या एम.एस्सी.पासून शोध सुरू करा. संशोधन हवं असेल तर चांगली एम.एस्सी., मग नेट-जेआरएफ (संशोधनाच्या शिष्यवृत्तीची परीक्षा) आणि पीएच.डी. परळची आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्था पाहा. 1986 मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून जे टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं, त्यामागची लॅब हीच. मात्र मानवी भ्रूण चौदा दिवसांपुढे वाढवायला आपल्याकडे मनाई आहे, आणि प्रत्येक प्रयोगाला नैतिकता समितीची परवानगी लागते. कागदपत्रांचा कंटाळा असणाऱ्यानं या वाटेला जाऊ नये.

लग्नाचं म्हणाल, तर नात्यात कुणाला मूल होत नसलं की पहिला फोन तिलाच येईल. तेव्हा हा प्रश्न कुणी काढणार नाही.

या सुट्टीत एक करा. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा जवळच्या एखाद्या पशुवैद्यकीय लॅबमध्ये तिच्या प्राध्यापकांकरवी विचारा. कत्तलखान्यातून शेळीचे अंडाशय थर्मासमध्ये कोमट सलाइनमध्ये आणायचे, सुईनं बीजं खेचून काढायची, निवडायची. शिकणारे असाच हात बसवतात. सोय झाली तर दोन-चार दिवस तिला तिथं बसू द्या. मान आखडून घरी आल्यावर ती बीज कसं दिसलं ते सांगते, की ते तसंच का दिसलं हे विचारत बसते, तेवढं मला कळवा. फॉर्म कोणता भरायचा ते त्यावरून ठरवू.