तिरामिसू २० जणांसाठी? आदल्या रात्रीच कर

अगं टेन्शन घेऊ नकोस, तिरामिसू (कॉफीत बुडवलेली बिस्किटं नि क्रीम यांचे थर लावलेलं इटालियन गोड) आदल्या रात्री केलेलंच चांगलं लागतं, लगेच वाढलंस तर बिस्किटं वेगळी नि क्रीम वेगळं. १ किलो मस्कारपोने (मऊ इटालियन क्रीम चीज), १२ अंड्यांचे बलक, साठेक सावोयार्दी (बोटासारखी लांब, हलकी) बिस्किटं, दोन ट्रे होतात. इटलीतल्या त्रेविझो गावच्या मूळ कृतीत याला अर्धा किलो साखर आहे, मला ती फार गोड वाटते, मी २०० ग्रॅमच घालते. तिथे बलक कच्चे असतात, पण लहान मुलं किंवा कोणी गरोदर असेल तर बलक-साखर डबल बॉयलरवर (गरम पाण्याच्या भांड्यावर दुसरं भांडं ठेवून) ७१ डिग्रीपर्यंत फेटत राहा नि पूर्ण गार झाल्यावरच चीज हलक्या हाताने मिसळ, मशीन लावून बसलीस की फाटतं आणि मग काही खरं नाही. खरा घोळ कॉफीत होतो, कडक आणि गार हवी, बिस्किट तिच्यात बुडवायचं एक सेकंद या बाजूने, एक सेकंद त्या बाजूने, बास, चहात पार्ले-जी भिजवतो तसं केलंस तर सकाळी तळाला पाणी. दारू मूळ कृतीत नाहीच, नाही घातली तरी चालतं. झाकून फ्रीजमध्ये ठेव, कांदा-लसणापासून लांब. कोको मात्र वाढताना चाळ, रात्रीच चाळलास तर ओला होऊन काळा पडतो.