ट्रेनिंग मोजू नकोस, पगार कोण देतं ते बघ

अगं, युद्धानंतर पोलिस आणि लष्कर बाहेरच्यांच्या मदतीने नव्याने उभं करण्यावरचं तुझं संशोधनाचं प्रपोजल वाचलं. मेहनत दिसतेय, पण सहा देश एकत्र घेतलेस तिथेच घोळ झाला. कोसोवो, सिएरा लिओन, पूर्व तिमोर, सगळ्यांवर दोन-दोन पानं खरडून हाती काय लागणार? पश्चिम आफ्रिकेतला एकटा लायबेरिया घे. आणि किती पोलिसांना ट्रेनिंग दिलं हा आकडा मुख्य धरू नकोस प्लीज, तो पैसे देणाऱ्या देशांच्या रिपोर्टात छान दिसतो एवढंच.

लायबेरिया का, तर तिथे लष्कर हाच रोग होता. १९८० मध्ये एका सार्जंटने बंड करून सत्ता घेतली, १९८९ पासून दोन यादवी युद्धं झाली, आणि २००३ च्या अक्रा शांतता करारानंतर सगळ्यांनी मान्य केलं की हे लष्कर दुरुस्त होणार नाही, बरखास्त करून नवीन उभं करावं लागेल. काम अमेरिकेने घेतलं आणि ते दिलं डाइनकॉर्प नावाच्या खासगी कंपनीला! दुसऱ्या देशाचं सैन्य ठेकेदाराने उभारायचं, मला तरी हे पटलेलं नाही. पण एक गोष्ट त्यांनी चांगली केली, भरतीसाठी आलेल्यांचे फोटो लोकांसमोर लावले आणि विचारलं की यातल्या कुणी युद्धात अत्याचार केले असतील तर सांगा. साधारण २,००० जणांचं छोटं सैन्य ठेवायचं ठरलं, ते पण बरोबर, कारण मोठं सैन्य पोसणार कोण?

युद्ध संपल्यावर लढणाऱ्यांकडून शस्त्रं जमा करायचा भाग थोडक्यात आटप. १ लाखाच्या वर माणसं नाव नोंदवून गेली आणि बंदुका आल्या २८ हजारांच्या आसपास, आता रोख पैसे मिळणार म्हटल्यावर लाइनीत कोण कोण उभं राहिलं असेल ते तूच बघ.

खरी मेख पोलिसांत आहे. जानेवारी २००७ मध्ये आपल्या सीआरपीएफच्या महिलांची तुकडी राजधानी मोनरोव्हियात उतरली, युनोच्या शांतिसेनेतली अशी पहिलीच पूर्ण महिला पोलिस तुकडी, आणि २०१६ पर्यंत आलटून पालटून नव्या तुकड्या जात राहिल्या. तू यावर अख्खं प्रकरण लिहिणार हे मला माहितीये :) लिही, त्यांना बघून तिथल्या मुली पोलिसात यायला लागल्या असं बरेच जण सांगतात. पण त्याच काळात युनोला बारावीपर्यंत शिकलेल्या मुलीच सापडत नव्हत्या म्हणून आधी त्यांचं शिक्षण पूर्ण करून घेणारा वेगळा कार्यक्रम काढावा लागला, ते पण लिही, नाहीतर सगळं श्रेय निळ्या टोप्यांनाच, म्हणजे युनोच्या शांतिसैनिकांनाच जातं.

आणि मग ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्क संघटनेचा लायबेरियाच्या पोलिसांवरचा २०१३ चा रिपोर्ट वाच. तक्रार द्यायला गेलेल्या बाईकडेच पोलिस पैसे मागायचे, गाडीत पेट्रोल टाकायला, तपासाला जायला. ट्रेनिंग झालेलंच होतं ना या सगळ्यांचं? पण ठाण्याला पेट्रोलचा पैसा येत नव्हता, पगार तुटपुंजा, केस कोर्टात गेली तर तिथे पण तेच, मग मानवी हक्कांचा तास बसून काय उपयोग. वर्दी बाहेरचा देईल गं, दर महिन्याचा पगार स्वतःच्या तिजोरीतूनच यावा लागतो आणि त्या तिजोरीचा हिशोब तिथल्या संसदेने मागावा लागतो. तुझा प्रश्न हा ठेव.

इबोलाच्या साथीतला प्रसंग पण घे. ऑगस्ट २०१४ मध्ये मोनरोव्हियातली वेस्ट पॉइंट वस्ती पोलिस आणि लष्कराने सील केली, लोक चिडले, सैनिकांनी गोळीबार केला, एक कोवळा मुलगा गेला. नवं सैन्य, निवडून भरलेलं, तरी हे झालं. पण नंतर लष्कराच्याच शिस्तपालन मंडळाने काही जणांना दोषी धरलं, जुन्या सैन्यात हे झालं नसतं. दोन्ही बाजू लिही, एकीकडे झुकू नकोस.

शेवटच्या प्रकरणात ३० जून २०१६ नंतरचं बघ. त्या दिवशी युनोने सुरक्षेची जबाबदारी लायबेरियाकडे सोपवली, मार्च २०१८ मध्ये युनोचं शांतिमिशन बंद झालं. त्याआधी जानेवारीत राष्ट्राध्यक्ष सर्लीफबाईंकडून जॉर्ज वेआकडे सत्ता शांतपणे गेली, १९४४ नंतर पहिल्यांदा एका निवडून आलेल्याकडून दुसऱ्याकडे. त्या वर्षांची लायबेरियाची बजेटं काढ, पोलिसांच्या ओळीत पगार किती आणि पेट्रोल किती ते वेगळं कर. नवीन प्रपोजल शुक्रवारपर्यंत पाठव, शनिवारी मला लग्नाला जायचंय.